बघून उडवणे

साखर पेठेत आमच्या स्टुडिओला पाटी आहे, खिडकी नाही.
एप्रिलात पत्रा तापला की
पंखा मी आधी हार्ड डिस्ककडे वळवतो, मग स्वतःकडे.
चौदा वर्षांची लग्नं आहेत तिच्यात,
तेलुगू, कानडी, मराठी,
आणि प्रत्येक फोल्डरात माझीच पोरकट नावं:
फायनल. फायनल दोन. खरं फायनल.
शेठ म्हणतात, अल्बम गेला, पैसे आले,
आता ही कच्ची ओझी कशाला? उडव.
मी हो म्हणतो
आणि माझ्या पगारातून आणखी एक डिस्क आणतो.

नरसम्मा मेरगू दुपारी आली,
कारखान्यात विड्या देऊन तशीच.
पदराखाली मुलीच्या लग्नाचा अल्बम, पान सतरा.
"ह्यातला अंबादास मोठा करून द्या. वर्षश्राद्धाला लावायचाय."
मग थांबली. पान माझ्याकडे फिरवलं.
"पण हे हात कुणाचे?"

हात त्याचेच.
रंगाईखान्यात नऊ वर्षं सूत बुडवणारे,
नखांच्या कडेला गडद, मनगटाकडे विरत गेलेला निळा.
मीच काढला होता तो,
रात्री दोन वाजता, एकेक नख,
डाग समजून.
चेहराही दीड पायरी उजळ. सगळ्यांचाच करतो.
आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

शोधायला घेतलं. कॅटलॉगात होता तो,
टिकलीएवढा, कोपऱ्यात प्रश्नचिन्ह:
मूळ फाइल सापडत नाही.
दिवाळीत मशीन नव्यानं भरलं
तेव्हा ई ड्राइव्हचा जी झाला,
आणि नाव पाठ असून घर विसरलेल्या पोस्टमनसारखा
कॅटलॉग बसून राहिला.
नरसम्मा स्टुलावर. पाणी नको म्हणाली.
तिसऱ्या डिस्कवर सापडला.
तिच्यावर शेठच्या अक्षरात, लाल पेनानं:
बघून उडवणे.

पंचवीस एमबीचा माणूस.
शेजारी बारा केबीची चिठ्ठी, माझी:
उजेड इतका वाढव, सावली इतकी उचल,
इथे निळं आहे ते नसल्यासारखं कर.
आमचे वडील मागावर होते.
जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे वर टांगलेले असायचे,
पुठ्ठे बदलले की चादरीवर मोराच्या जागी हत्ती यायचा
आणि खाली सुताला पत्ता नसायचा.
मी चिठ्ठी बाजूला केली.
अंबादास होता तसा उघडला.

होता तसा, म्हणजे राखाडी.
पिळून ठेवलेल्या कापडासारखा,
मांडवात असून अंगावर उजेड नाही.
मला वाटलं, आता म्हणेल, हाच.
"असा पण नव्हता हो," म्हणाली.

मग दोघं बसलो.
ती आपलं मनगट स्क्रीनला टेकवायची,
"ह्याच्याहून थोडा जास्त."
मी सरकवायचो.
"मागं घ्या. अजून. आता फार झालं."
तंबाखूनं पिवळं पडलेलं तिचं बोट
त्याच्या गालावर, काचेवर, ठसे सोडत.
नखं आली. आधी नुसती मळकी,
मग निळी,
मग त्याच्याच निळ्याएवढी निळी.
तेव्हा ती तेलुगूत बोलली, माझ्याशी नव्हे.
मला तेलुगू येतं.
रागावत होती त्याला:
बहिणीच्या लग्नाला तरी हात घासून यायचं होतंस.

जतन करताना मशीन नाव विचारतं.
फायनल लिहिलं, खोडलं.
'आई समोर असताना' असं लिहिलं.
स्वच्छ हातांची प्रतही ठेवली,
तीही कुणीतरी पैसे देऊन नेली होती.

बारा बाय अठरा, मॅट.
पाकीट काखेत धरून दारात वळली,
"निळ्याचे वेगळे पडतात का?"
"काढायचे पडतात," म्हटलं.

ती गेली आणि लाइट गेली.
यूपीएस ओरडत होता, डिस्क अजून फिरत होती.
अंधारात अंगठा ओला करून
मी तिच्यावरचं लाल अक्षर घासलं.
एकच शब्द निघाला.
'बघून' तसाच राहिला.