विसर्गासारखी दोन टिंबं

नावाआधी एक टिंब दिलं
की फाइल अळीमिळी गुपचिळी.
असते घरातच, पण यादीत येत नाही.
हे मला उर्मासनं पहिल्या आठवड्यात सांगितलं,
तार्तूत, नदी गोठलेली होती,
आणि त्याच्या हातमोज्याचं एक बोट उसवलेलं.

आज नवा लॅपटॉप. कोरी पाटी.
सोळा वर्षं बोटांत मुरलेली आखूड नावं
टाइप करते, तर मशीन म्हणतं, असलं काही नाही.
म्हणून पेनड्राइव्हवरून उतरवून घेतली ती जुनी फाइल,
आधी त्याची, मग माझी,
आता कुठली ओळ कुणाची ते सांगणं कठीण.

सर्व्हरवर शिरलं की प्रॉम्प्ट लाल : म्हणजे हात आवर.
एलएसऐवजी घाईत त्याच्याकडून नेहमी एसएल व्हायचं,
तर त्यानं सवय मोडली नाही,
चुकीलाच नाव देऊन टाकलं, कामाला लावलं.
आणि मध्येच, हॅशमागे :
ही ओळ काढू नका. उ.
त्याखाली : का ते आठवत नाही. उ.
त्याखाली मी : काढून पाहिली. प्रिंटर बंद पडला. परत घातली.

मग नव्या टूलसाठी पाथची एक ओळ वाढवली मी,
आणि जुने रस्ते पुढे जोडायचे विसरले.
एक डॉलरचं चिन्ह, चार अक्षरं,
मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं,
एवढंच राहिलं.

एलएस सापडलं नाही.
कॅट सापडलं नाही.
व्हीआय सापडलं नाही.
सगळं जागच्या जागी होतं बरं का,
फक्त तिथवर जायचं कसं, तेवढं पुसलेलं.
चालत होतं एको. जे बोलाल तेच परत बोलतं.
आणि सीडी. हिंडता येतं या खोलीतून त्या खोलीत,
कुठल्या खोलीत काय आहे ते दिसत नाही.

मी कीबोर्डवरून हात उचलले.

रविवारी एल्वाला गेले होते, उर्मासला भेटायला.
खिडकीबाहेर पाइन, खिडकीत तो.
मी म्हटलं, सफरचंद.
तो म्हणाला, सफरचंद.
मग उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला,
पुन्हा गेला.
चमचा हातात घेऊन बघत राहिला
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
मी कोण, विचारलं मी. विचारायला नको होतं.

त्याची मुलगी मारेट म्हणाली,
नुसतं नाव विचारू नकोस गं,
पत्ता सांग सगळा, मुळापासून.

तर मी सांगत गेले : तार्तू,
टेकडीच्या बाजूची पिवळी इमारत,
दुसरा मजला, जिन्याला लागून खोली,
खिडकीत निवडुंग, त्याला तू कॉफी घालायचास,
हिरव्या अक्षरांचं मशीन,
त्यापुढे स्वेटर उलटा घालून आलेली मुलगी.

बराच वेळ गेला. रेडिएटर टकटकला.
"लीवी," तो म्हणाला,
आणि लगेच, थोडा रागावूनच,
"कॉपी ठेवलीस का आधी?"

नव्हती ठेवली, उर्मास.
आजही नाही.

तिरकी रेघ, बिन, तिरकी रेघ, एलएस.
मुळापासून पत्ता लिहिला तसं
सगळं घर पडद्यावर आलं, फोल्डरामागून फोल्डर.
व्हीआयलाही तसंच, पूर्ण पत्त्यानिशी बोलावलं,
दोन टिंबं घातली, डॉलर घातला, जुने रस्ते जोडले.
वर हॅश देऊन लिहिलं : ही ओळ काढू नका. ली.
आणि का ते, तीन ओळी, सविस्तर,
मलाच वाचायला लागतील म्हणून.

खिडकी बंद करून नवी उघडली.
घाईत बोटं घसरली, एसएल झालं.

चाललं.