कोऱ्या कागदाचं वजन

निपाणीत कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी,
माझं यंत्र दिवसभर हवा ओढतं.
आवाज जुन्या मिक्सरसारखा.
पोटात एक पांढरा गोल कागद, तळहाताएवढा.
लावण्याआधी त्याचं वजन करायचं,
चोवीस तासांनी काढून पुन्हा करायचं.
मधला फरक म्हणजे
हवा काय घेऊन चालली होती ते.
अकरा वर्षांच्या कामाचं एवढंच गणित,
बाकी सगळ्या त्याच्या तळटीपा.

कागद बदलायला सत्यव्वा येते.
तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळण मारली तिनं,
आता कॉलेजात झाडू मारते
आणि सकाळी आठला माझा चिमटा धरते.
पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
"बाई, ह्यात वखारीची भुकटी लई हाय.
पेठंकडनं वारं असलं की धरू नगा ह्यो कागूद."
तेच कळायला मी सूक्ष्मदर्शकाशी
दोन महिने घालवले होते.

इथली धूळ मी ओळखते.
खानापूरकडची लाल, बोटाला लागली की सहज जात नाही.
अथणीकडची काळी, अंगानं जड.
हायवेची करडी, टायर उगाळल्यासारखी.
मी वाट बघते ती यातली नव्हे.

एप्रिलच्या एकवीस तारखेला
सूर्य उगवला तो ताकात पडलेल्या नाण्यासारखा.
तवंदीचा घाट दिसेना.
लोक म्हणाले धुकं. एप्रिलात कसलं धुकं?
सत्यव्वानं चिमट्यानं कागद उचलला:
फिकट, जोंधळ्याच्या पिठाच्या रंगाचा.
कडेला बोट लावलं.
लावायचं नसतं. मी काही बोलले नाही.
अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं.
"ही आपली न्हवं," म्हणाली,
"हिला वासच न्हाई. लांबनं आलीया."
वहीत मी लिहिलं: नमुना दोनशे चौदा, कडेला स्पर्श.

संगणकावर वारा उलटा चालवता येतो.
तो घाट उतरला, कोकण ओलांडून समुद्रावर गेला,
तीन हजार मीटर उंचीवर चार रात्री काढल्या,
आणि ओमानपलीकडे
जिथं नकाशात नुसता पिवळा रंग आहे
तिथं थांबला.
तिला दाखवला. ती बघत राहिली.
"आणि हिला कोगनोळीच्या नाक्यावर कुणी अडिवलं न्हाई?
मला परत धाडलं हुतं, लॉकडाउनात,
कागलात लेक बाळंत झाली तवा.
माझ्याकडं पास न्हवता."

मग मी तिला सांगितलं
की ही धूळ समुद्रावर उन्हानं तापते,
हवेला तापवते, ती हवा वर चढते,
तिच्या जागी खालून वारा धावत येतो,
आणि आठवड्याभरानं आपल्याकडं किती पडेल
त्यात या पिवळ्या पिठाचाही हात असतो.
"किती?"
समितीनंही हेच विचारलं होतं.
दोघांना एकच उत्तर: एक आकडा,
आणि त्याच्यापुढं अधिक-उणे,
आकड्याहून मोठं.
"म्हंजे ठावं न्हाई," सत्यव्वा हसली.
"नाही."

हसता हसता खोकला आला तिला.
जिन्याच्या पायरीवर बसली, बराच वेळ.
हा खोकला मी रोज ऐकते,
यंत्राच्या घरघरीत कधी मिसळून गेला
कळलंही नाही.
कणाचा माग मी समुद्रापलीकडं काढीन;
हिच्या छातीत वखारीनं काय ठेवलं
ते मला मोजता येणार नाही.
आधी कुणी वजनच केलं नव्हतं.
कोऱ्या कागदाचं वजन नसेल तर फरक निघत नाही,
पहिल्याच तासाला मी मुलांना हे शिकवते.

"चला, आठ वाजून गेलं," म्हणत ती उठली.
पदराला हात पुसले, डबी उघडली,
नवा कागद चिमट्यात धरला.
ठेवताना श्वास रोखायचा,
आपल्या तोंडची हवा त्याला लागू द्यायची नाही,
हे मीच तिला शिकवलंय.
ती रोखते.
जमेल तेवढा.