प्रिस्काबाईंचा खोका

खोका माझ्याकडे आला तो सुक्या बांगड्यांच्या वासासकट.
वर फादरांच्या अक्षरात : 'युवा कामासाठी'.
आत अकरा पुस्तकं, मणी गळालेला एक रोझरी,
आणि प्रिस्काबाईंची पेन्सिल,
मागून चावलेली, करंगळीएवढी उरलेली.

बाई सतरा वर्षं उभादांड्याच्या पोरांत होत्या.
मग गुडघे गेले, मग त्या भावाकडे गेल्या, बेळगावला.
आणि मी, आग्नेल रुमाव फर्नांडिस,
होड्यांची इंजिनं खोलणारा माणूस,
'तरुणांचा मित्र' झालो,
दर रविवारी, साडेचार ते सहा.

पुस्तकं शहाणी आहेत. खोटं कशाला बोलू?
'तरुणांचं ऐकून घ्या', पान चाळीस,
नऊ पायऱ्या, खाली चौकटीत तक्ता.
आणि समासात बाईंचं तिरकं अक्षर :
'पोरां बोलनत नाय. जाळी विणतत.
बाजूक बस. सुई घे.'

'श्रद्धा आणि भोवतालची संस्कृती', प्रकरण सहा.
विद्वानांची चार पानं. त्यांच्या शेजारी :
'चवथीक मिंगेलान नाईकांकडे मृदंग वाजवल्यान.
लोक माका जाब इचारूक इले.
मी म्हटलंय, बरो वाजवता.'
आणि त्याखाली, पेन्सिल दाबून,
कागद जवळजवळ फाटेपर्यंत :
'नाताळात नाईक नेवऱ्यो खातत,
तेव्हा कोण इचारता?'

मी हसलो. गॅरेजात एकटाच.
मग प्रकरण नऊ उघडलं.
'कुटुंब, ही लहानशी ख्रिस्तसभा.'
इथे बाईंनी काहीच म्हटलेलं नाही.
नुसत्या तारखा, एकीखाली एक,
१४ जून. २ जुलै. पास्काचा सण. पुन्हा १४ जून.
प्रत्येकीपुढे तेच :
'रॉकीचो फोन नाय.'
समास भरल्यावर त्या ओळींच्या मधे शिरल्यात,
छापील शब्दांच्या अंगावरून.

लोकांच्या पोरांची नावं त्यांना झोपेतही पाठ होती.

माझी फ्लोसी पंधराची.
गटात शेवटच्या बाकावर बसते, मला 'सर' म्हणते.
घरी काहीच म्हणत नाही.
नऊ पायऱ्यांतली पहिली मी जेवताना करून पाहिली :
डोळ्यांत पाहून मोकळा प्रश्न विचारा.
ती म्हणाली, 'पप्पा, आमटी सांडतेय.'

मागच्या रविवारी साडेचारला हॉल रिकामा.
पंखा, सोळा खुर्च्या, मी,
आणि 'तरुणांमधली उदासीनता' नावाचं प्रकरण.
पाचला खालून आरोळी आली. रापण लागली होती.

किनाऱ्यावर सगळी होती.
मिंगेलचा धाकटा, खोतांच्या दोघी बहिणी,
गाबतांची पोरं, कुवेतला निघालेली इल्डा,
जिचा व्हिसा आलाय आणि आईला अजून ठाऊक नाही.
मला ठाऊक नव्हतं. दोर ओढता ओढता तिने सांगितलं,
समुद्राकडे बघत,
आणि मी काही विचारलंच नव्हतं.

मी चपला काढल्या होत्या, पुस्तक चपलांवर ठेवलं होतं.
पुढे कोण आहे हे पाठीवरून ओळखलं.
माझाच जुना शर्ट.
दोराला हिसका बसला, मी कोलमडलो.
ती मागे न बघता म्हणाली,
'टाच रोव पप्पा. नायतर समुद्र नेतलो.'

वाळूवर मासळी फार नव्हती.
थोडे पेडवे, एक केंड फुगलेला,
ज्याला पोरांनी परत पाण्यात लोटलं.
वाट्यात फ्लोसीने आमचा वाटा मागून घेतला
आणि माझ्या पुस्तकावर ठेवला, दुसरं भांडं नव्हतं म्हणून.

फादरांना महिन्याचा अहवाल जातो.
उपस्थिती : लिहिली. विषय : कोरा ठेवलाय.
प्रार्थना झाली का, या रकान्यात
मी बराच वेळ अडकलो.

रात्री बेळगावला फोन लावला.
रॉकीचं विचारायचं होतं. शब्द जुळवून बसलो होतो.
पलीकडे बाई खोकल्या, थांबल्या,
आणि त्यांनीच आधी विचारलं,
'पेन्सिल आसा मां अजून?'