उजेडाला धरलेला लिफाफा

कायानीच्या इस्पितळातला अभ्यास, साल चौऱ्याहत्तर.
एकशे बारा रुग्ण, दोन गट,
फुप्फुसांसाठी एक नवं औषध
आणि त्याच रंगाची, त्याच चवीची खडूची गोळी.
आकडे टाइपरायटरचे,
सात दरवेळी ओळीच्या जरा वर उडालेला.

औषध चांगलं होतं का, हे मला विचारलेलं नाही.
या कागदावर किती भरवसा टाकायचा, एवढंच.
हिरवा ठिपका, पिवळा किंवा लाल.
शेजारच्या खोलीत टुऊरे हाच कागद वाचतोय;
ठिपके लागेपर्यंत आम्ही
जेवताना फक्त माशाच्या सारावर बोलतो.

गट कसे पाडले? उत्तर: ‘बंद लिफाफे.’
कागद जाड होता का? कपाटाची किल्ली कोणाकडे?
झाकली मूठ सव्वा लाखाची,
पण इथं मूठ उघडायचाच पगार मिळतो.

दोन लेखक वारलेले. तिसऱ्यानं कळवलं,
लिफाफे सिस्टर आउनेकडे असत.
ती आता एकोणनव्वद वर्षांची. मी फोन लावला.
बाहेर उणे एकवीस.

“दिव्यासमोर धरलं की दिसायचं,” ती म्हणाली,
कोंबडीचं अंडं पारखावं तितक्या सहज.
“ए म्हणजे औषध, हे आठवड्यातच कळलं आम्हाला.
ज्यांना जिना चढवत नव्हता
त्यांच्यासाठी मी ए शोधून ठेवायचे.
एक लाकूडतोड्या होता, उर्हो, ओठ निळे पडलेले.
त्याला काय खडू देऊ?”

मी पेन्सिल खाली ठेवली.
म्हणजे सगळे थकलेले एका बाजूला.
म्हणून त्या बाजूला मृत्यू जास्त,
म्हणून औषध हरलं,
आणि पुढं कोणी ते पुन्हा तपासलंही नाही.
हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

टुऊरेचा ठिपका पिवळा निघाला: माहिती अपुरी.
माझा लाल. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
लिफाफ्यांतून आतलं अक्षर दिसत होतं.

पण ते नंतर. त्याआधी फोनवर
ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली,
“तुझ्याकडे कागद आहे ना?
बघ ना, उर्हो जगला का.”

कागदात नावं नसतात.
गट ए: मृत्यू अकरा.
तपासणीला पुन्हा न आलेले: पाच.

“घरी गेलेल्या पाचांत दिसतोय,” मी म्हणाले.

हे मी कुठल्याच रकान्यात भरलेलं नाही.