पासरीभर

पौषात लग्नं नसतात.
ट्रस्टवाल्यांनी बोलावलं तेव्हा मी मोकळाच होतो.
पाच-पाच मिनिटांचे आठ व्हिडिओ,
बरं न होणारं माणूस घरात असेल तर
त्याचं दुखणं कसं सांभाळावं, एवढाच विषय.
म्हटलं, हळद करतो, बिदाई करतो,
हेही करू.
तोच कॅमेरा, तेच लाइट,
बॅगेच्या खणात कुणाच्या तरी अक्षता.

धरणगावात, जिनाच्या मागच्या गल्लीत
हिलाल आप्पा खाटेवर बसून होते,
धुतलेली टोपी घालून.
चाळीस वर्षं कपाशीच्या काट्यावर काढली,
आता गालात गाठ,
आणि उशाशी स्टीलच्या डब्यात मॉर्फिनच्या गोळ्या.
डब्यावर सोजाबाईंच्या मामाचं नाव, लग्नाची तारीख.

फोकस लावला आणि सवयीनं तोंडातून गेलं,
हसा जरा.
तडवी सिस्टरनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.
आप्पा हसले.
अर्ध्याच तोंडानं, पण पुरतं हसले.

सिस्टर म्हणाल्या, शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे सोसवतच नाही,
सांगा, किती?
पारडं थांबेपर्यंत थांबावं तसे आप्पा थांबले.
'एक मन शे.'
आकड्यात सांगा ना, आप्पा.
'आकडाच शे ना, बहीन. चाळीस शेर.'

गोळी दिली.
ठणका लागल्यावर नाही, ठणक्याच्या आधी, घड्याळ पाहून:
हे वाक्य तीनदा घ्यावं लागलं,
गल्लीतून ट्रॅक्टर जात होता गाणी वाजवत.
सवय लागेल ही भीती नको, हेही घेतलं.
पोट साफ होण्याचं औषध विसरू नका, हेही.
पाऊण तासानं आप्पांनी स्वतःच हात वर केला.
'आते पासरीभर र्‍हायनं.'
पासरीभर.
एवढं तर बाईमाणूस कडेवर घेऊन
बाजार करून येतं.

कागदावर लिहिलेलं, ओठ ओले करायला स्वच्छ कापूस घ्या.
सोजाबाईंनी दारच्या झाडाचं बोंड आणलं,
बोटांनी सरकी काढली, एकेक,
जणू तिलाही लागू नये.
त्या सरकीपायी शॉट दीड मिनिट लांबला.
मी कापला नाही.

सुरतेहून मुलाचा फोन आला, स्पीकरवर राहून गेला:
बापाला काही सांगू नका, खचतील.
खोलीत सगळे भिंतीकडे पाहू लागले.
आप्पा म्हणाले,
'काटावालाले कोनी वजन सांगस का?'
हे व्हिडिओत नाही. मुलानं नको म्हटलं.
माझ्या हार्ड डिस्कवर आहे,
एरंडोलच्या एका साखरपुड्यानंतर.

माघात आप्पा गेले.
फाल्गुनात मी खालच्या पट्ट्या टाकत होतो,
डॉक्टरांचा निरोप आला:
शुद्धलेखन बघा, मन नाही, मण.
बरोबरच होतं त्यांचं.
पण आमच्या अहिराणीत ण कुठला?
पाणी ते पानी, लोणी ते लोनी,
चाळीस शेरांचं ते मन
आणि आतलं तेही मनच.
ण टाइप केला. पुसला. पुन्हा केला.
पहाटे दूधवाल्याची घंटी वाजली तेव्हा
पडद्यावर न होता.
तसाच पाठवला.

आता तो चोपड्याच्या दवाखान्यात चालतो,
टोकन नंबरांच्या मधे, आवाज बंद करून.

वैशाखात एका मांडवात
जेवणाच्या पंगतीतून एकानं मला बाजूला ओढलं.
तो पासरीवाला तूच काढेल शे ना? टाक माले.
घरी बाप शे, पाच महिने झाले.
मी फोन काढला, विचारलं,
कितलं दुखस तेस्ले?
हातातला द्रोण त्यानं सरळ धरला,
कढी सांडत होती.
'काय मालूम,' तो म्हणाला,
'कधी इचारंच नही.'