अर्थ कुठे द्यायचा

डिचोलीच्या पुढे बंद खाणीच्या शेडमध्ये,
जिथे टिप्पर धुवायचे,
तिथे आता उबाल्दोचं विमान उभं आहे.
दोनच सीटा, कापडी पंख,
चाकांना अजून लाल माती.
भिंतीवरचं कॅलेंडर मी खिळ्यावरून काढलं,
उलटं केलं, पेन्सिलीने चौकोन काढला,
आत लिहिलं, बॅटरी.

उबाल्दो म्हणतो, मेस्ता, रेडिओ तेवढा बसव.
टॉवरशी बोलावं लागतं म्हणून.
इंटरकॉम कशाला?
आत माझ्याशी बोलणार कोण?
मी काही म्हणालो नाही.
एकवीस वर्षं दाबोळीला, नौदलाच्या हँगरमध्ये
दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त करत होतो,
डावा कान तिथेच राहिला.

आधी मोजमाप.
खोक्याच्या मागे चार बोटं जागा हवी,
वायरीला सावकाश वळू द्यायचं.
मोडून वळवली तर ती लक्षात ठेवते
आणि नेमकी दोन हजार फुटांवर बोलून दाखवते.
अँटेना पाठीवर, साठ सेंटीमीटर,
पण कापडावर नुसती काठी रोवून भागत नाही,
तिला पायाखाली धातूची जमीन लागते.
म्हणून आतून ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या,
चार दिशांना.
इग्निशनच्या वायरीशी लगट नाही.
ओलांडायचीच झाली तर काटकोनात,
वाटण्या झालेल्या भावाचं अंगण ओलांडतात तशी,
झटकन, न थांबता.

मग अर्थ.
खाली सोपं असतं. खड्डा खणायचा,
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
वरून बादलीभर पाणी.
वर गेल्यावर अर्थ कुठून आणायचा?
तिथे सांगाड्यालाच अर्थ मानायचं,
आणि सगळ्यांनी मिळून एकच बोल्ट कबूल करायचा.
माइकच्या वायरीवरच्या जाळीलाही
अर्थ एकाच टोकाला द्यायचा.
दोन्ही टोकांना दिला
की दोन अर्थांमध्ये गुणगुण सुरू होते,
इंजिन चढलं की तीही चढते,
आणि माणसाला वाटतं, बिघाड रेडिओत आहे.
हे मी त्याला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा तो म्हणाला,
समजलं रे. घरात तेच झालं आमच्या.

चहा आला. पाव आला.
एर्मेलिंडा स्विंडनला लेकीकडे गेली
त्याला तीन पावसाळे झाले,
हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे,
मलाही आहे.

कपातली माशी बोटाने काढत त्याने विचारलं,
वजन किती असतं त्याचं?
कशाचं?
त्या इंटरकॉमचं.
दोनशे ग्रॅम, वायरी धरून तीनशे.
बटण दाबावं लागतं?
नाही. तोंड उघडलं की आपोआप जागा होतो,
पण जागा होईपर्यंत पहिलं अक्षर खातो.
'नाही' म्हणालास तर 'ही' पोचतं.
'हो' तर अख्खाच गिळतो.
तो हसला, पाव चहात विरघळून पडला.
मग दोनदा म्हणायचं, हो हो.
कुणाला?
तो पंख्याच्या पात्यावरची धूळ
अंगठ्याने पुसत राहिला.

ऊन शेडच्या दारातून बाहेर गेलं.
निघताना म्हणाला, तू असं कर,
भोक पाडून ठेव नुसतं.
वर रबराची टोपी बसव.
उद्या कुणी विचारलं तर सांगू,
कंपनीतूनच तसं आलं.

मी यादी केली.
पाच अँपियरचा ब्रेकर, एक.
जाळीची वायर, नऊ मीटर.
हेडफोनचे जॅक, एकाचे दोन केले.
दुसऱ्याच्या वायरीला वीतभर ढील ठेवली,
शेजारी बसणारं माणूस
कसं बसेल, सांगता येत नाही.

कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.
आकृती भिंतीकडे,
तारखा बाहेर.