इतर

जालन्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर
पडद्यावर सगळे तालुके मांडलेले:
परतूर हिरवं, भोकरदन पिवळं,
घनसावंगी लालभडक.
ओस्तवालसाहेबांनी लेझरचा ठिपका तिथंच रोवला.
"हे वाण बंद करू. पिशव्या परत येताहेत."

मी परतीच्या कारणांचा रकाना उघडला.
शंभरातल्या एकसष्ट पिशव्यांपुढं
एकच शब्द: इतर.
यादीत तो सगळ्यात वर आहे;
टेम्पो खाली करताना, घामेजल्या बोटानं
कोण त्याच्याखाली जाईल?

खाली गोदामात हसीनाबी
गाडीगणिक दोनशेपानी वहीत लिहितात.
कुणी सांगितलेलं नाही. सवय.

"शिलाई उसवली."
"पिशवीचा रंग मागच्या साली निघालेल्या बोगस मालासारखा,
लोक हात लावीनात."
"कुंभार पिंपळगावला गाडी पोचली
तवर पेरण्या उरकल्या."
"उगवण चांगली. तरी परत."

हे शेवटचं वाक्य सतरा वेळा.

साहेबांनी वही उभ्यानंच वाचली,
बोट जिभेला लावून पानं उलटत.
मग विचारलं, हे पडद्यावर का नाही?
हसीनाबी म्हणाल्या,
"रकाना कुठं व्हता, साहेब?"

माझ्या सादरीकरणाच्या चाळीस पानांतली
एकोणचाळीस मी त्या रात्री पुसली.
'इतर' यादीच्या तळाला नेला,
वर एक रिकामी चौकट ठेवली,
मराठीत लिहिता येईल अशी.

आजची पहिली नोंद:
"डायवरला ताप. गाडी अंबडलाच हुबी."

घनसावंगी अजून लालच आहे.
वाण मात्र यंदाही जाणार,
आठ दिवस आधी,
वेगळ्या पिशवीत.